मार्चमधली नदी

सोनाजीबुवांच्या हातात मासा आला की ते आधी त्याचं पोट बघायचे. डोळ्यांनी नव्हे, अंगठ्यानं. तापलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते तितक्या हलक्यानं तो अंगठा फिरायचा आणि निर्णय व्हायचा. पोट सैल असलं तर मासा टोपल्यात, ताठ भरलेलं असलं तर पाण्यात. सोडताना ते माशाचं तोंड नेहमी प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला धरायचे आणि म्हणायचे, "जाय बाई. उशीर झाला."

माझी सगळी नोकरी माशांच्या खात्यात गेली. माशांची माहिती असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. माशांची भीड बाळगणारा माणूस मात्र हा एकच. गेल्या हिवाळ्यात ते वारले. दर्यापूरकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून मला चार दिवसांनी कळलं. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणतोय, आणि दर वेळी कागद पुढे घेतला की हात थांबतो. कारण त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दल लिहावं लागतं.

बुवा भोई. सातपुड्यातून उतरून पूर्णेला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी त्यांचं दहा-बारा घरांचं भोईपुरं. त्या नदीचं नाव मी इथे देत नाही. तिच्याबद्दल एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

माणूस उंच, वाळका, बोलताना मान थोडी डावीकडे कललेली. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा आणि त्याच्या खिशात कायम एक निळं बॉलपेन. एक अक्षरही लिहितावाचता येत नव्हतं. पेन कशाला, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "मले नाई येत लिवता. पन ज्याईले येते त्याईच्यापाशी येनवेळेले पेन नसते." नदीकडे पाठ करून ते कधी बसत नसत. तंबाखूची पिंक टाकायला पंचवीस पावलं चालून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जायचे. आणि खडशीबद्दल बोलायचे ते घरातल्या सासुरवाशीण लेकीबद्दल बोलावं तसं.

खडशी म्हणजे पुस्तकातला महसीर. मोठाल्या, नाण्याएवढ्या खवल्यांचा, तांबूस सोनेरी मासा. एरवी ती पूर्णेच्या खोल डोहांत राहते. आषाढात नवं गढूळ पाणी आलं की मात्र उलटी पोहत लहान नद्यांत शिरते आणि डोंगराच्या पायथ्याशी, स्वच्छ वाळूगोट्यांत अंडी घालते. बुवांच्या भाषेत, "बायतपनाले मायच्या घरी जाते ते." आणि लगेच पुढचं वाक्य, "जात्या लेकीले वाटेत कोनी अडवते का?"

भोईपुऱ्याची रीत याच वाक्यावर उभी होती. नवं पाणी आलं की सगळ्या घरांतली जाळी भिंतीच्या खुंटीला लागायची. पाणी निवळेपर्यंत कोणी जाळं काढायचं नाही. बायका नदीची ओटी भरायच्या. त्या दिवसांत पुऱ्यात भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा असायचा, मासळी नाही. पाणी निवळलं, अंडी घालून रिकाम्या पोटाच्या खडशी परत उतरायला लागल्या, की मग जाळी पाण्यात. कुठल्या कायद्यात हे लिहिलेलं नव्हतं. आमच्या खात्याच्या नियमांत तर नव्हतंच.

आमची पहिली भेट मार्चमधली.

नदीवर पक्का सिमेंट बंधारा व्हायचा होता. सगळी गावं खारपाणपट्ट्यातली. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, चहा केला तर फाटतो. बंधारा लोकांना हवा होता आणि तो व्हायलाच हवा होता, हे मी आजही म्हणेन. बांधण्याआधी आमच्या खात्याकडे एक तक्ता आला. नदीत कोणते मासे आहेत, ते वर चढतात का, भिंतीत त्यांच्यासाठी वाट ठेवायला हवी का. पाहणीसाठीची तरतूद मार्चअखेर संपत होती, म्हणून पाहणी मार्चमध्ये. मी शेवटच्या आठवड्यात अकोल्याहून जीप, एक मदतनीस, एक जाळं आणि दोन बरण्या घेऊन पोचलो. नदी म्हणजे ओळीनं चार-पाच डबकी. जाळ्यात मरळ आणि मूठभर झिंगे आले.

काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय पाहून राह्यले सायेब?"

"मासे."

"कोन्ते?"

"वर चढणारे."

ते हसले नाहीत. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "लग्नाघरी आले तुमी, पन चार महिने आंधी. आखाडात या. दाखवतो."

"मला अहवाल या आठवड्यात द्यायचाय बुवा."

"अहवाल तुमाले द्याचा हाय. खडशीले नाई."

मदतनीस खुसखुसला. मीही हसलो. तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो आणि मला म्हाताऱ्यांचं बोलणं गमतीचं वाटायचं. बुवा उठून जवळ आले. "मार्चात आभायात ढग दिसते का तुमाले? मंग तेबी लिवा कागदावर, अठी पाऊस पडतच नाई म्हनून."

जीपच्या बॉनेटवर तक्ता ठेवून मी भरायला लागलो आणि माझं पेन थांबलं. झटकलं, फुंकलं, उपयोग नाही. बुवांनी खिशातलं निळं पेन काढून पुढे केलं. त्या पेनानं मी लिहिलं, "स्थलांतर करणारे मासे आढळले नाहीत." आणि पुढच्या रकान्यात, "भिंतीत वाट ठेवण्याची गरज नाही."

पेन परत घेताना त्यांनी विचारलं, "लिवलं का आखाडाचं?" मी मान हलवली. ती मान होय म्हणत होती की नाही, ते मी त्यांच्यावर सोडलं.

माझं पाप एवढंच असतं तर मी ते केव्हाच विसरलो असतो. मार्चमध्ये मासे नव्हते, मी नव्हते असं लिहिलं. वाक्य खोटं नव्हतं. पण जुलैत मी परत गेलो. कामासाठी नाही. म्हाताऱ्याचं बोलणं डोक्यात राहिलं होतं, म्हणून एका रविवारी अमरावतीच्या घरून वलगावमार्गे मोटारसायकलनं निघालो.

बुवांनी मला गावाच्या वरच्या अंगाला एका खडकाळ उताराशी नेलं. पाणी लालसर, फेसाळ. "पँट वर करा अन् उतरा," म्हणाले. मी उतरलो. काही दिसत नव्हतं. मग पोटरीला काहीतरी जाड, जिवंत घासून गेलं. मग दुसऱ्या पोटरीला. मी दचकून बाजूला झालो तर बुवांनी दंड धरला. "हालू नोका. त्याईचा रस्ता हाय, त्याच बाजूनं जातीन." एक खडशी खडकावर चढताना अर्धी पाण्याबाहेर आली, उन्हात तिचे खवले लखलखले, ती घसरली, पुन्हा आली. तीन वेळा घसरली. चौथ्यांदा गेली. बुवा हळूच म्हणाले, "पोचली."

घरी कौसाबाईंनी, म्हणजे बुवांच्या बायकोनं, ठेचा-भाकर वाढली आणि माझ्यादेखत नवऱ्याची खरडपट्टी काढली. "माह्या बायतपनाले ह्या मानसाले घरी थांबाले येळ नव्हता. अन् मासोयीच्या बायतपनाले कमरेइतक्या पान्यात उभा!"

"तुह्यापाशी तुही माय होती," बुवा म्हणाले. "त्याईच्यापाशी कोन हाय?"

निघताना त्यांनी मला मोटारसायकलपर्यंत सोडलं. "सायेब, बंधारा बांधा. लोकाईले गोड पानी पायजेच. माह्यी सून मैलभर जाते हंडा घेऊन. मी नाई म्हनत नाई. फकत भिंतीत एक खिडकी ठेवा. नवं पानी असते तवाची, तेवढी. तुमी आता सोताच्या डोयानं पाह्यलं. दुसरा कागद लिवान ना?"

"लिहितो," मी म्हणालो.

अहवाल तेव्हा वरच्या कचेरीत पडून होता. एक पुरवणी पान जोडायचं होतं. पण पुरवणी जोडायची म्हणजे मार्चमधली पाहणी निरर्थक होती हे मान्य करायचं, आणि ती पाहणी ज्या साहेबांनी लावली त्यांच्याच हातात माझी बदली होती. बायको अमरावतीच्या शाळेत शिकवायची, मुलगी लहान. मला घराजवळ यायचं होतं. मी पान जोडलं नाही. वर्षभरात बदली झाली. दोन वर्षांत भिंत उभी राहिली, दीड पुरुष उंच, कुठेही खिडकी नसलेली.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीच्या पायथ्याशी खडशी गोळा झाल्या. पडत्या पाण्यात उड्या मारायच्या, सिमेंटवर आपटून खाली यायच्या. ही बातमी आजूबाजूला पोचायला दोन दिवस लागले. मग लोक आले. काठ्या, मच्छरदाण्या, कोणी बॅटरीचा करंट घेऊन. वर्षानुवर्षं सातपुड्यापर्यंत पांगणारा मासा एका खोलीएवढ्या पाण्यात अडकलेला होता, आणि त्यातली जवळपास प्रत्येक मादी पोटुशी.

बुवा पासष्टीचे होते. त्यांनी गोणपाट भिजवलं, पाण्यात उतरले, एक खडशी गोणपाटात गुंडाळली, बंधाऱ्याच्या कडेच्या पायऱ्या चढले आणि वरच्या पाण्यात सोडून आले. मग दुसरी. त्या दिवसापासून दर आषाढात हेच. गावातली तरणी पोरं त्यांना सुईण म्हणायला लागली. "सुईन आली रे!" असं कोणी ओरडलं की बुवा गोणपाट खांद्यावर टाकून शांतपणे सांगायचे, "हाव बाप्पा. तू झाला तवाबी सुईन होती म्हनून बाहीर आला. नाईतं अजून आतच असता." पोरं हसायची आणि त्यातलं एखादं मुकाट्यानं पायऱ्यांवर हात द्यायला उभं राहायचं.

मी मात्र या काळात भरपाई करत होतो. खात्याच्या भाषेत तिला मत्स्यबीज संचयन म्हणतात. बंधाऱ्याच्या साचल्या पाण्यात रोहू, कटला आणि परदेशी सायप्रिनस या माशांची बोटाएवढी पिल्लं सोडायची. प्लास्टिकच्या पिशव्यांतून हवा भरून आणलेली. मंडप टाकला, सरपंचांनी पिशवी फोडली, फोटो झाले. मला खरंच वाटत होतं की मी काहीतरी परत करतोय. बुवा गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं.

"याची माय कोन?"

"मत्स्यबीज केंद्रातली मासळी. आपल्याच केंद्रातली."

"अन् हे मोठे झाले तं कठी जातीन?"

"कुठे जातील? इथेच राहतील."

"म्हंजे लॉजवरचे पावने." त्यांनी पिल्लू पाण्यात सोडलं. "राहातीन, खातीन. पन याईले गाव नाई सायेब. नदी गाववाल्याईची असते."

तीन वर्षांनी त्यांनीच दाखवलं, सायप्रिनस वरच्या अंगाला चढून तळ उकरत होता आणि खडशीची उरलीसुरली अंडी गिळत होता. म्हणजे रस्ता मीच बंद केला होता आणि बाळंतिणीच्या खोलीत हे पाहुणेही मीच आणून ठेवले होते.

बाकीचं मी केलेलं नाही, पण घडताना पाहिलं. डोंगराच्या पायथ्याची वाळू आणि गोटे ट्रॅक्टरनं उचलले गेले. अंडी घालायची ती जागाच गेली. उन्हाळ्यात ज्या डोहांत मासे तग धरायचे ते डोह संत्र्याच्या बागांसाठी मोटारी लावून उपसले गेले. कपाशीवरची औषधं पहिल्या लोंढ्याबरोबर नदीत. प्रत्येक गोष्टीवर उपाय होता आणि प्रत्येक उपाय बुवांना पाठ होता. दोन डोह सोडा, त्याईले मोटर लावू नोका. एवढ्या दोन फर्लांगातली वाळू नेऊ नोका. नव्या पान्याचे पंधरा दिस जाळं टाकू नोका. केंद्रातलं बीज तलावात सोडा, नदीत नाई. अन् खिडकी. पाच गोष्टी. मी त्या ऐकायचो, डायरीत उतरवायचो. डायऱ्या अजून माझ्या कपाटात आहेत.

एका आषाढात मी रजा काढून त्यांच्या मदतीला गेलो. आता बुवांना पायऱ्या चढवत नव्हत्या. त्या वर्षी खाली जेमतेम अकरा खडशी आल्या होत्या. दहा पोरांनी वर नेल्या. शेवटची मी मागितली. "पोटाखाली हात नोका दाबू," बुवा म्हणाले. मी गोणपाट छातीशी धरून चढलो. सहाव्या पायरीवर तिनं शेपूट मारली, माझा पाय शेवाळावर गेला, आणि ती खाली सिमेंटच्या ओट्यावर पडली.

पोट फुटलं होतं. अंडी ओट्यावर पसरली, ज्वारीच्या दाण्यांसारखी, पिवळी, ओली. बुवा हळूहळू वाकले, ओंजळीनं ती अंडी भरायला लागले आणि पाण्यात सोडायला लागले. त्यांतून काही होणार नाही हे मला माहीत होतं, त्यांना माझ्याहून जास्त. तरी त्यांनी शेवटचा दाणा उचलेपर्यंत थांबवलं नाही. एक शब्द मला बोलले नाहीत.

ते न बोलणं मला सहन झालं नाही. तिथेच उभ्याउभ्या मी सांगितलं. तुमच्या पेनानं काय लिहिलं ते. पुरवणी पान जोडलं नाही ते. बदलीचं.

बुवा ओल्या हातांनी ओट्यावर बसले. "म्या तुमाले सांगतलं होतं ना? आखाडात या म्हनून."

"हो."

"अन् तुमी आले होते. पान्यात उभे राह्यले होते."

"हो."

"म्हंजे तुमाले मालूम होतं."

"हो बुवा."

"बरं," ते म्हणाले.

आयुष्यात मला खूप लोकांनी शिव्या दिल्या आहेत. त्यांतली एकही आता आठवत नाही. ते "बरं" मात्र रोज आठवतं.

त्यानंतर मी धडपड केली, हे सांगायला हवं, जरी त्याचा उपयोग काही झाला नाही तरी. मी आता खुर्चीवर होतो. पत्रं लिहिली, पाटबंधाऱ्याच्या इंजिनिअरांच्या दारात बसलो, दुसऱ्या राज्यांतले नकाशे दाखवले. चार वर्षं लागली. भिंतीची एक बाजू कापून पायऱ्या-पायऱ्यांची, छोट्या टाक्यांची वाट झाली. नव्या पाण्यात पंधरा दिवस तिच्यातून पाणी सोडायचं असा आदेश निघाला. आदेशाची प्रत घेऊन मीच बुवांकडे गेलो. त्यांचे डोळे तोवर गेल्यातच जमा होते. त्यांनी कागदावरून हात फिरवला. कौसाबाई म्हणाल्या, "खिडकी झाली म्हनते. आतातरी घरात बसा."

मधल्या चार वर्षांत खाली आलेल्या खडशी अशा होत्या. सात. चार. एक. एकही नाही.

गेल्या आषाढात वाटेची पाहणी होती. कचेरीतल्या नव्या मुलानं सवयीनं मार्चची तारीख टाकली होती. ती मी खोडली आणि स्वतः गेलो. बुवा आधीच येऊन बसले होते, सुनेनं हात धरून आणलेले. मांडीवर ओलं गोणपाट. नव्या वाटेतून पाणी खळाळत, टाकी-टाकी भरत उतरत होतं. नकाशात काढलं होतं अगदी तसंच. सगळ्यात खालच्या टाकीत हात बुडवून बुवा बसून होते. मीही शेजारी बसून पाय पाण्यात सोडले. पोटऱ्यांना पाणी लागत होतं, फक्त पाणी.

आम्ही पाच दिवस बसलो. सकाळी यायचो, उन्हं कलली की उठायचो. पाचव्या दिवशी दुपारी बुवा म्हणाले, "जिले वाट मालूम होती ते गेली सायेब. तिच्या पोटी लेकी झाल्याच नाई. आता दार उघडं असलं काय अन् लागलं असलं काय."

मी बॅगेतून तक्ता काढला. खिसे चाचपले. पेन गाडीत राहिलं होतं. बुवांनी आवाजावरून ओळखलं असावं. त्यांनी खिशातून निळं पेन काढून माझ्या दिशेनं धरलं, जरा चुकीच्या बाजूला. मी त्यांचा हात वळवून ते घेतलं. रकाना भरला.

"काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं, "स्थलांतर करणारे मासे आढळले नाहीत."

बुवांनी मान डावीकडे कलवली. शब्द आपल्याशी पुटपुटून पाहिले.

"हाव," ते म्हणाले. "आता बरोबर लिवलं."

पेन त्यांच्या खिशाला लावून मी उठलो. सून म्हणाली, "चला बुवा, घरी." ते उठले नाहीत. मी वरच्या रस्त्यावर पोचून मागे पाहिलं, तेव्हा गोणपाट वाळू नये म्हणून ते त्याच्यावर ओंजळीनं पाणी मारत होते, आणि दुसरा हात टाकीत, तळवा वर करून, उघडा धरलेला होता.